आईचं लाकडी पिस्तूल

आमच्या घरात मोठे बाबा आईशी बोलत नसत आणि आई मोठ्या बाबांशी बोलत नसे. भांडण नव्हतं. मोठे बाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आईचे भासरे. भासऱ्यासमोर बाईनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही, त्याच्या हातात काही द्यायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी घरातले देव पोत्यात भरून नाल्यात सोडले होते म्हणे. उपास सोडले, अंगारे-धुपारे सोडले. ही एक रीत मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही की काय, घरातच राहिली. त्यामुळे त्या दोघांचं सगळं बोलणं माझ्यातून जायचं. मोठे बाबा बाहेरच्या खोलीत खाटेवर, आई पडद्यामागे स्टोव्हपाशी, मध्ये सहा-सात हातांचं अंतर. "सांग तिले, डाळीत मीठ कमी हाय." "सांग त्यायले, आता वरून टाकून घ्या म्हणा." दोघांनाही एकमेकांचं ऐकू यायचं, तरी मी उठून जायची आणि सांगायची. मोठे बाबा राहायला आले तेव्हापासून हे काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा तोरा होता. दोघांपैकी एक जण गल्लीत किंवा नळावर असला, थेट ऐकू जाणार नसलं, म्हणजे मी निरोपात आपल्या मनचं थोडं घालायची. आईनं "भाजी होऊन राह्यली" म्हटलं की मी मोठ्या बाबांना सांगायची, "अजून चूलच पेटली नाही." मग ते चिडायचे, आणि त्यांची चीड घेऊन मी परत आईकडे जायची. त्यात कसली मजा होती ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

यवतमाळात पोलीस लाईनीच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या. पलीकडे कापसाचं जिनिंग. दिवाळीनंतर त्याची घरघर सुरू झाली की माणसं मोठ्यानं बोलायला शिकायची आणि ती उन्हाळ्यापर्यंत तशीच बोलायची. दोरीवरच्या कपड्यांना कापसाचे तंतू लागायचे, भाकरीच्या पिठातही निघायचे. वडील पोलिसात ड्रायव्हर होते. ते गेले त्याबद्दल मी दुसरीकडे लिहिलं आहे. त्यांच्या जागेवर अनुकंपा म्हणून आईला घेतलं. तिचं नाव पंचफुला. सातवी शिकलेली, तेव्हा बहुधा पस्तिशीच्या आतबाहेर. ट्रेनिंगला तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरी होत्या. ती त्यातून कशीबशी पार पडली आणि शिपाई झाली. मोठे बाबा रिटायर हवालदार, विधुर. आयुष्यभर नव्या रंगरुटांना चांदमारी, म्हणजे नेमबाजी, शिकवण्याचं काम केलेलं. घरात पुरुषमाणूस पाहिजे म्हणून ते आमच्याकडे येऊन राहिले होते. पाठ ताठ, मिशी कातरलेली, आवाज असा की गल्लीतलं बसलेलं कुत्रं उठायचं. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहा ते दोन्ही हातांनी प्यायचे. आम्ही तिघंही ते पाहायचो आणि कोणीही त्याबद्दल बोलायचं नाही.

आईची ड्युटी सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीत होती. ती कापसाची वाईट वर्षं होती. फवारणीचं औषध प्यायलेली माणसं राळेगाव, बाभुळगाव, कुठून कुठून जीपमध्ये, बैलगाडीत घालून आणायचे. सोबत आलेल्या बाईचं बयान घ्यायला बाई शिपाई लागायची. ती आई. बाईचं नाव काय, माणसानं किती वाजता घेतलं, घरात कोण होतं, हे ती विचारून लिहायची. दोन-अडीच वर्षं तिनं तेच लिहिलं. घरी यायची तेव्हा तिच्या कपड्यांना त्या औषधाचा उग्र वास असायचा, गोडसर आणि डोक्यात जाणारा. ती दारातूनच सरळ मोरीत जायची, अंगावर पाणी घेतल्याशिवाय कशाला हात लावायची नाही. तरी भाकरीला तो वास येतो असं मी म्हणायची. येत नसायचा. पण असं म्हटलं की ती माझ्या ताटातली भाकर उचलून घ्यायची आणि दुसरी थापायला बसायची. मला ते ठाऊक होतं.

त्या वर्षी जिल्ह्यात मोठ्या लोकांचे दौरे वाढले. आज मंत्री, उद्या दिल्लीची माणसं, परवा कोणी बाई, या गावातून त्या गावात, मेलेल्या शेतकऱ्यांच्या एका अंगणातून दुसऱ्या अंगणात. पाहुण्या बायांच्या बंदोबस्ताला सोबत बाई शिपाई पाहिजे आणि तिच्या कमरेला पिस्तूल पाहिजे. म्हणून हुकूम निघाला की ज्या बाया पिस्तुलाच्या परीक्षेत पास होतील त्यांना त्या पथकात घेणार. आईनं हे मला मोरीतून सांगितलं, ओल्या केसांनी. "सांग त्यायले, मले शिकवाल का म्हणून विचारते म्हणा. मले चौकीतून निंघायचं हाय." तिनं कोणाकडे काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी जाऊन मोठ्या बाबांना तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सायकलवर गेले आणि सागाचा एक तुकडा घेऊन आले. सुतारकाम त्यांना येत होतं, पण हात थरथरायचा, म्हणून धरायला मला बसवलं. चार दिवसांत त्यांनी त्या तुकड्यातून पिस्तूल काढलं. आतून कोरून शिशाचे तुकडे बसवले, खऱ्याएवढं वजन व्हावं म्हणून. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. वर पुढच्या टोकाला खिळ्याचं डोकं, ती माशी. मागे पत्र्याची खाच. माशी खाचेच्या बरोबर मधोमध दिसली म्हणजे शिस्त, म्हणजे नेम, बरोबर. त्या दिवसांत बाजारात किल्ल्यांच्या छल्ल्याला लावलेले बोटाएवढे लेझर आले होते, बटण दाबलं की दूरवर लाल ठिपका पडायचा. पोरं टॉकीजमध्ये पडद्यावर पाडायची आणि मार खायची. मोठ्या बाबांनी पुसदच्या बाजारातून तसला एक आणवला, नळीत बसवला, आणि सायकलच्या तारेचा घोडा असा वाकवला की तो दाबला की लेझरचं बटण दाबलं जाईल. गोळी नाही, आवाज नाही. घोडा दाबल्याबरोबर भिंतीवर लाल ठिपका. गोळी कुठं गेली असती ते तिथं दिसायचं. "आमच्या वक्ताले हे असतं तं," ते म्हणाले, "निम्मी काडतुसं वाचली असती सरकारची."

भिंतीवर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू लावली. तिच्यावर माझ्या बांगडीनं गोल काढला. आई ड्युटीवरून यायची, अंघोळ करायची, त्रिशरण-पंचशील व्हायचं, भाकरी आणि भाजी करून झाकून ठेवायची, मग दार लावून आमची चांदमारी सुरू. दिवेलागणीच्या अंधुक उजेडात ठिपका चांगला दिसतो म्हणून दिवा लावायचा नाही. मोठे बाबा खाटेवर, आई कोपऱ्यात उभी, दोन्ही हातांत पिस्तूल, मी भिंतीपाशी पेन्सिल घेऊन. ठिपका पडेल तिथं खूण करणं माझं काम. पहिल्याच दिवशी अडचण आली. दोन्ही हात पिस्तुलाला लागले आणि आईचा डोक्यावरचा पदर घसरला. तिनं पिस्तूल खाली ठेवलं, पदर घेतला, पुन्हा हात उचलले, पुन्हा घसरला. मोठ्या बाबांनी मान फिरवली. शेवटी तिनं पदराचं टोक दातात धरलं. तेव्हापासून सहा हप्ते ती तशीच उभी राहत असे. तोंडात पदर असल्यामुळे तिला बोलताही यायचं नाही.

नवखा माणूस घोडा दाबत नाही, ओढतो. ओढला की हात हलतो आणि लेझरचा ठिपका ठिपका राहत नाही, त्याला शेपटी फुटते. आईच्या प्रत्येक ठिपक्याला शेपटी होती, डाव्या अंगाला खाली गेलेली. "शेपटी," मोठे बाबा म्हणायचे आणि जिभेनं च्यक करायचे. "सांग तिले, ओढून राह्यली. दाबा लागते. बोटानं. खांद्यानं नाही." मी सांगायची, ती मान हलवायची, पुन्हा शेपटी. "सांग तिले, कोपर वाकून राह्यला." मी सांगायची. "अरे, वाकूनच राह्यला." आठवडा झाला तरी कागदभर शेपट्याच. रंगरुटाला ते कसं सरळ करायचे ते त्यांनी मला सांगितलं होतं. मागून जाऊन मनगटावर रूळ घालायचा. "हाताले समजत नाही, त्याले सांगा लागते," ते म्हणाले. "मले काई तिले हात लावता येत नाही. भासरा हाय मी. तुही शाळेची पट्टी आण."

माझी शाळेची लाकडी फूटपट्टी होती. एका कडेला पितळेची बारीक पात बसवलेली. मी ती दप्तरातून काढून आणली आणि आईच्या उजव्या बाजूला उभी राहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माशीकडे पाहत होती. ठिपका पडला, शेपटी निघाली, मोठे बाबा म्हणाले, "दे." मी हलकेच मारली. "काय दिलं? डास उडवला?" मग मी पट्टी उभी धरली आणि कडेनं मारली.

टक् असा आवाज झाला. आईनं श्वास आत ओढला, पदर दातातून सुटला नाही. पुढचा ठिपका पडला, त्याला शेपटी होती, पण आधीच्यापेक्षा अर्धी. मोठे बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाह्य. समजलं हाताले." त्या माणसानं मला तोवर कधी शाबासकी दिली नव्हती. त्या रात्री जेवताना त्यांनी स्वतःच्या ताटातला गुळाचा खडा माझ्या ताटात टाकला.

त्यानंतर मी रोज मारली. मला कोणी सांगायची वाट पाहावी लागायची नाही. शेपटी दिसली की मारायची, कधी दिसली नाही तरी मारायची. कोणत्या जागी मारलं की बोटं पांगतात, कोणत्या जागी मारलं की नुसतं लागतं, हे मला समजायला लागलं. शाळेत बसून मी संध्याकाळची वाट पाहायची. मग मोठ्या बाबांनी नाणं आणलं. नळीवर एक रुपया ठेवायचा आणि घोडा दाबायचा. हात हलला नाही तर नाणं राहतं, हलला तर पडतं. नाणं पडलं त्या दिवशी भाकर नाही, असा त्यांनी नियम केला. तिनं स्वतः केलेली भाकर, स्वतः केलेलं चून, म्हणजे पिठलं, किंवा अंबाडीची भाजी, तिच्यासमोर झाकलेली असायची. नाणं जमिनीवर खणकन वाजायचं. मोठे बाबा आणि मी जेवायला बसायचो. ती पडद्यामागे बसून आमच्याकरता पाणी भरून ठेवायची. पहिल्या पंधरा दिवसांत ती किती रात्री उपाशी झोपली ते मी मोजलं नाही. सकाळी चार वाजता स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, तेव्हा ती शिळी भाकर चहात बुडवून खायची. मी जागी असायची आणि सकाळी मोठ्या बाबांना सांगायची की आईनं चोरून खाल्लं.

लोक मला विचारतात, मोठे बाबा फार दुष्ट होते का. मला तसं वाटत नाही. त्यांना शिकवायची तेवढी एकच तऱ्हा येत होती आणि ती त्यांच्यावरही कोणीतरी केली होती. माझ्यावर कोणी काही केलं नव्हतं. माझ्या अंगाला आईनं कधी बोट लावलं नव्हतं.

परीक्षेला आठ-दहा दिवस राहिले होते. त्या दिवशी आई उशिरा आली. अंघोळ करूनही ती मोरीतच बसून राहिली. चौकीत एक बाई आली होती, तिच्या माणसाचा जीव जाईपर्यंत तिनं आईचा उजवा हात धरून ठेवला होता. तोच हात. बाईला काय ठाऊक मनगट सुजलेलं आहे, आणि आईनंही सोडवून घेतला नाही, दीड-दोन तास. तिनं मला जवळ बोलावलं, हात दाखवला. मनगट गुडघ्यासारखं गोल झालं होतं, निळं आणि पिवळं. ती अगदी हळू म्हणाली, "आज राहू दे म्हणा वं संगू. सांग त्यायले, हात भरून आला माहा. उद्या दुप्पट करतो म्हणा."

मी पडद्याबाहेर गेले. मोठे बाबा लेझरचे सेल बदलत बसले होते. मी म्हटलं, "मोठे बाबा, आई म्हणते तिच्यानं हे होत नाही. सोडून देतो म्हणते."

जिनिंग त्या दिवशी बंद होतं. शब्द न् शब्द आत ऐकू गेला असणार. मोठ्या बाबांचा चेहरा बदलला. "असं? मंग सांग तिले, राह्य म्हणा दवाखान्यातच. जनमभर मुडदे राख म्हणा. माह्या भावाच्या वर्दीले हेच पाह्यचं होतं." मला वाटलं आता आई आतून ओरडून सांगेल की तिनं असं म्हटलंच नाही. तिला एवढंच करायचं होतं, पडदा सारून एक वाक्य बोलायचं होतं. तिनं पडदा सारला. पदर दातात होता. कोपऱ्यात जाऊन तिनं पिस्तूल उचललं आणि उभी राहिली. पिस्तूल समोर धरण्याआधी तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. ओळखीचा माणूस बाजारात चोरी करताना दिसावा आणि आपण काही न बोलता पुढे निघावं, तसं ते पाहणं होतं.

त्या दिवशी मोठ्या बाबांनी तिला पिस्तूल उंचावून नुसतं उभं ठेवलं. रेडिओवर बातम्या झाल्या, शेतीचा कार्यक्रम झाला, कापसाचे भाव झाले, गाणी लागली. हात खाली आला की पट्टी. शेवटी ते पिस्तूल तिच्या हातातून निसटून पडलं, मी मारली, आणि ती मनगटाच्या बाहेरच्या हाडावर बसली. आवाज वेगळा आला. पोकळ. मोठे बाबाही म्हणाले, "बस." पण आईनं डाव्या हातानं पिस्तूल उचललं, उजव्यात दिलं, नाणं स्वतःच नळीवर ठेवलं, आणि घोडा दाबला. ठिपका गोलाच्या मधोमध पडला. शेपटी नव्हती. नाणं हललं नाही. पुन्हा दाबला, पुन्हा मधोमध. असे तिनं दहा पाडले, मी दहा खुणा केल्या. एकावर एक आल्यामुळे पेन्सिलीनं कागदाला भोक पडलं. मग ती आत गेली आणि जेवली. आम्हाला वाढलं नाही, आम्ही आमचं वाढून घेतलं.

परीक्षेत काय झालं ते तिनं घरी सांगितलं नाही, तिच्यासोबतच्या एका शिपाई बाईनं सांगितलं. मनगटाला हळदीची पट्टी, वरून वर्दीची बाही. खऱ्या पिस्तुलाचा पहिला बार काढायच्या आधी पंचफुलाबाईनं शर्टाची कॉलर ओढून दातात धरली म्हणे. शिकवणारे साहेब हसले, बाकीच्या बायाही हसल्या. दहापैकी नऊ गोळ्या गोलात गेल्या तेव्हा कोणी हसत नव्हतं. घरी येऊन ती दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांग त्यायले, पास."

मोठ्या बाबांना आनंद झाला, अगदी खरा आनंद. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी आपले दोन जुने सोबती जेवायला बोलावले, मेश्राम जमादार आणि शेख जमादार. मटणाचा रस्सा, गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, कांदा, लिंबू. आई सकाळपासून अंगणात धुरात बसली होती. बाहेरच्या खोलीत तिघांची ताटं वाढली, मी वाढत होते. मोठे बाबा बोलत होते. "बाईमाणसाचा हात. पीठ मळणारा. सहा हप्त्यात सिधा केला. पट्टीशिवाय होत नाही, शेखभाई. नाणं पाडलं त भाकर नाही, सांगून ठेवलतं. रडली नाही एक दिवस, मानलं बाप्पा." त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला, लाकडी पिस्तूल दाखवलं. मेश्राम जमादारांनी ते हातात घेऊन लाल ठिपका पाडून पाहिला आणि खूश झाले. "हवालदार, तुमचा हात काय होता पण! अख्ख्या जिल्ह्यात नव्हता."

तेव्हा पडदा बाजूला झाला. आई बाहेर आली. पदर खांद्यावर होता, डोकं उघडं, केसांत राख. ती मोठ्या बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. मी कधी ऐकला नव्हता असा तिचा आवाज मला ऐकू आला, वर्दीतला असावा. त्यांना काय म्हणायचं तिला ठाऊकच नव्हतं, इतक्या वर्षांत कधी हाकच मारली नव्हती. ती म्हणाली, "हवालदारसाहेब, तुमी कधी करून दाखवलं नाही. एकदा दाखवा."

शेखभाई हसून म्हणाले, "हां, दिखाओ हवालदार." त्यांना हाताचं माहीत नव्हतं. जेवतो आहे, नंतर, हात उष्टा आहे, असं काहीही मोठ्या बाबांना म्हणता आलं असतं. ते उठले, हात धुतले, पंच्याला पुसले, आणि कोपऱ्यात जाऊन सावधानमध्ये उभे राहिले. आईनं दार लोटलं. खोलीत अंधार झाला. तिनं नळीवर नाणं ठेवायला हात पुढे केला, पण त्यांनी हात उचलल्याबरोबर पिस्तूल असं हलायला लागलं की नाणं ठेवताच येईना. ते तिनं दोनदा ठेवलं, दोनदा पडलं. तिसऱ्यांदा ते जरा थांबलं आणि त्यांनी घोडा दाबला. लाल ठिपका कागदावर गेलाच नाही. तो दारावर पडला, तिथून भिंतभर फिरला, वडिलांच्या फोटोच्या काचेवर चमकला आणि छताला गेला. नाणं खणकन पडून खाटेखाली गेलं.

"नाणं पडलं," आई म्हणाली. "संगू, ताट उचल."

मेश्राम जमादार म्हणाले, "अवं बाई, राहू दे." तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी मोठ्या बाबांचं ताट उचललं. रस्सा गरम होता, रोडग्याचा एकच तुकडा मोडलेला होता. कोणाची आज्ञा मोडावी असं मला एका क्षणापुरतंही वाटलं नाही. जशी पट्टी आणली होती तसंच ताट उचललं आणि आत नेऊन झाकून ठेवलं. मी परत आले तर मोठे बाबा तसेच उभे होते. आई म्हणाली, "सांग त्यायले, कोपर वाकून राह्यला." मी सांगितलं. त्यांनी कोपर सरळ केला. "सांग त्यायले, ओढून राह्यले." मी तेही सांगितलं. ते घोडा दाबत होते, ठिपका भिंतीवरून पळत होता, आई नाणं उचलून ठेवत होती. ते थांबले असते तर कोणी अडवलं नसतं. पण मध्येच सोडणं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आईला ते चांगलं ठाऊक होतं. दोन्ही जमादार हात न धुता उठले, पायात चपला घालून निघून गेले. दार उघडलं तेव्हा मला दिसलं, मोठ्या बाबांच्या मिशीवर घाम होता आणि धोतराला ओल आली होती. आईनंही ते पाहिलं. मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली.

चार दिवसांनी ते ट्रंक घेऊन बाभुळगावकडे त्यांच्या बहिणीच्या गावी निघून गेले. आई पथकात गेली. कमरेला पिस्तूल लावून ती पाहुण्या बायांच्या मागे त्याच घरांत जायची, जिथली माणसं तिनं दवाखान्यात पाहिली होती. एका अंगणात एका बाईनं तिला ओळखलं आणि तिच्याकडे पाठ केली, एवढं एकदा तिनं सांगितलं होतं. त्यापलीकडे काही नाही.

मोठ्या बाबांना भेटायला मी एकदाच गेले, बारावीच्या सुट्टीत. आता त्यांचे दोन्ही हात थरथरून निकामी झाले होते. आत्या त्यांना घास भरवत होती. त्यांनी मला जवळ बसवलं आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "सांग तिले, शेवटचे दहा चांगले होते." घरी येऊन मी आईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "हे त्याहीनं म्हटलं, का तुह्या मनचं?" मी शपथ घेतली. तिनं मान हलवली, पण तिला पटलं की नाही ते मला समजलं नाही. त्या पावसाळ्यात ते वारले. आई त्या गावी गेली, पदर डोक्यावर घेऊन बायांमध्ये बसली, संध्याकाळच्या एसटीनं परत आली आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर झाली.

आता तिला पेन्शन आहे आणि मला चष्मा. माझी मुलगी मी तेव्हा होते त्या वयाची आहे. गेल्या हिवाळ्यात आई अंगणात उन्हाला बसून सुपात तूर पाखडत होती, मी शेजारी बसले होते. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "आई, त्या दिवशी त्यायचं ताट काहून उचलायले लावलं? नापास तं झालेच होते ते."

तिनं सूप थांबवलं नाही. "तू मले पट्टी मारे," ती म्हणाली, "तवा तुले कसं वाटे?"

मला खोटं बोलता आलं असतं. माफी मागता आली असती. मी म्हटलं, "बरं वाटे."

"हं," आई म्हणाली. सुपातला एक खडा तिनं निवडला, पाहिला, आणि अंगणात टाकून दिला. "मलेबी तसंच वाटलं. लय दिवस वाटत राह्यलं."